सुटकेचे मोल कोणी द्यावे?

डोंगरात अडकलेल्या माणसास सोडवून आणल्यावर त्याच्या हाती खर्चाचे बिल ठेवावे काय? ‘ठेवावेच,’ असे पुष्कळ लोक म्हणतात. हौस एकाने करायची आणि भुर्दंड दुसऱ्याने का सोसायचा, हा त्यांचा सवाल. सवाल गैर नाही. पण आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या दारात अधिक झाले. हिशेब पुढे आला की घाम कोणी गाळला आणि त्याच्या पदरात काय पडले, हे आधी विचारण्याची सवय आम्हांस तेथे लागली. त्याच सवयीने या प्रश्नाचा इतिहास पाहू.

आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी शामोनी हे गाव आहे. 1820 साली डॉ. हामेल नावाचे एक विद्वान तेथील वाटाड्यांना घेऊन शिखराकडे निघाले. बर्फाचा कडा कोसळला आणि तीन वाटाडे गाडले गेले. त्यांचे अवशेष हिमनदीने खाली आणून टाकले ते 1861 पासून पुढे, म्हणजे चाळीस वर्षांनंतर! परंतु त्यांच्या सोबत्यांनी इतकी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच वर्षी, 1821 मध्ये, त्यांनी आपला संघ स्थापला. काम पाळीपाळीने सर्वांस मिळावे आणि अपघातात सापडलेल्यांच्या घरास मदत व्हावी म्हणून निधी असावा, हे त्याचे नियम. आम्हांस ही आपल्याच युनियनची थोरली बहीण वाटते. एकावर येणारे संकट सर्वांनी आधीच वाटून घ्यावे, हे तत्त्व त्या डोंगरी लोकांस कोणा पंडिताने शिकविलेले नव्हते.

पुढे 1956 चा डिसेंबर आला. व्हँसाँदाँ आणि आँरी हे दोन तरुण माँ ब्लाँवर अडकले. त्या वेळी सुटकेची पक्की जबाबदारी कोणा एकाची नव्हती. हिवाळ्यात पायी जाणे वाटाड्यांच्या संघाने फार धोक्याचे मानले. लिओनेल तेरे स्वतःची तुकडी घेऊन निघाले, पण पोचू शकले नाहीत. सैन्याचे हेलिकॉप्टर बर्फावर कोसळले आणि त्यातील माणसांना वाचविण्यातच पुढले दिवस गेले. ते दोन तरुण तेथेच मेले. मार्च 1957 मध्ये त्यांची प्रेते खाली आणली. फ्रान्सभर संताप उसळला आणि 1958 साली शासनाने पर्वतातील सुटकेचे काम आपल्याकडे घेतले. पगारी पथके आली आणि सुटका विनामूल्य ठरली. मात्र 1985 च्या कायद्याने बर्फावर घसरण्याच्या खेळातील अपघातांचा खर्च वसूल करण्याची मुभा गावांना दिली.

इतर देशांनी निराळ्या वाटा धरल्या. स्वित्झर्लंडात 1952 साली हवाई सुटकेची संस्था निघाली; 1966 पासून ती आश्रयदात्यांच्या वार्षिक वर्गणीवर उभी आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने 2008 साली हयगय करणाऱ्याकडून खर्च घेण्याचा नियम कडक केला. पुढे 25 डॉलरांचे कार्ड काढले. ते आधी घेणाऱ्यास हयगयीसाठीही बिल येत नाही. म्हणजे बिलापाशी निघालेले राज्यही अखेर वर्गणीपाशीच आले!

बिलाला आमचा विरोध दयेपोटी नाही. बिलाच्या धाकाने माणूस हाक मारण्यास उशीर करतो. दुपारी मारावयाची हाक तो रात्री मारतो, आणि मग अंधारात, पावसात दोर धरून उतरतो तो सोडवणारा. म्हणजे बिल एकाच्या नावे फाडायचे आणि ते फेडायचे दुसऱ्याच्या जिवाने! खोटी हाक मारणाऱ्यास खुशाल दंड करा. पण शिक्षा ही शिक्षा म्हणून द्या, मदतीची किंमत म्हणून नव्हे.

मग पैसा कोणी द्यावा? डोंगरावर जाणाऱ्या सर्वांनी थोडाथोडा आधी, आणि उरलेला सरकारी खजिन्याने. आपल्या सह्याद्रीत दरीत उतरतात ते स्वयंसेवक गिर्यारोहक आणि पायथ्याचे गावकरी. त्या गावकऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देतो? त्याचा पाय मोडला तर घर कोण चालवितो? वाचलेल्याकडून काय घ्यावे याची चर्चा आपण पुष्कळ करतो. वाचविणाऱ्यास काय द्यावे, याची चर्चा शामोनीच्या वाटाड्यांनी 1821 साली केली होती. आपण ती आता तरी सुरू करावी.