पांजरापोळापासून घरापर्यंत

बडोद्याहून पूर्वेकडे निघाले असता वाघोडिया लागते. गायकवाडी अमदानीत हे बडोदे प्रांतातील एका महालाचे मुख्य ठिकाण होते. वहिवाटदाराची कचेरी येथे असे, आणि शहराला पाणी पुरविण्यासाठी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बांधविलेला आजवा तलावही ह्याच बाजूस आहे. आज ह्या मुलखाचे रूप पालटले आहे. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांच्या जागी कारखाने उठले, लिमडा आणि पिपरिया येथे विद्यापीठे झाली, आणि परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यांची व कामगारांची भाड्याची बिऱ्हाडे शहरापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर दाटीने वसली. अशा बिऱ्हाडांत, आणि पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांतही, अलीकडे एक प्रघात रुजू लागला आहे: निवाऱ्यात आलेली अथवा रस्त्याच्या कडेला सापडलेली कुत्र्यामांजरांची पिल्ले काही आठवडे आपल्या घरात ठेवावयाची, त्यांना दूध पाजावयाचे, त्यांना लस टोचून घ्यावयाची, आणि ती सशक्त झाली म्हणजे कायमचे घर देणाऱ्याच्या स्वाधीन करावयाची. ह्याला ती मंडळी ‘फॉस्टर करणे’ म्हणतात.

नाव परकीय असल्यामुळे ही रीतही परकीय असावी, असा समज सार्वत्रिक आहे. वडीलधारी माणसे तिच्याकडे सुखवस्तू लोकांचा छंद म्हणून पाहतात, आणि तरुण मंडळीही आपण काही नवे करीत आहो अशाच भावनेने ती आचरतात. मला हा समज इतिहासाला धरून वाटत नाही. ह्या रीतीचा अतिशय स्पष्ट असा जुना दाखला जर कोठे सापडत असेल, तर तो ह्याच गुजरातच्या भूमीत, मही नदीच्या पैलतीरी असलेल्या खंबायत बंदरात सापडतो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच ह्याने खंबायतेविषयी लिहिताना लंगड्या-लुळ्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पाखरांसाठी तेथे रुग्णालये असल्याचे नमूद करून ठेवले आहे. परंतु त्याहून मोलाचा वृत्तान्त पिएत्रो देल्ला व्हाल्ले ह्या रोमच्या उमरावाचा आहे. हा गृहस्थ १६२३ च्या फेब्रुवारीत खंबायतेस आला आणि तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहावयास गेला. आजारी, जखमी, जोडीदार गमावलेली अशी नाना जातींची पाखरे त्याने तेथे पाहिली. पण त्याची दृष्टी खिळून राहिली ती एका डबीवर. त्या डबीत कापसाच्या मऊ थरात उंदराची काही पिल्ले ठेवलेली होती. त्यांचे आईबाप नाहीसे झाले होते, आणि पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा चढवून, पाखराच्या पिसाने एकेक थेंब दूध त्यांच्या तोंडात घालीत बसला होता, कारण इतक्या कोवळ्या जिवांना अन्य कोणताही आहार घेता येत नव्हता. पिल्ले मोठी झाली की त्यांना हवे तेथे जाण्यास मोकळे सोडून देऊ, असे त्या वृद्धाने ह्या परदेशी पाहुण्यास सांगितले.

चारशे वर्षांपूर्वीच्या ह्या चित्रात आजच्या प्रथेची सर्व अंगे आहेत: अनाथ पिल्लू, आईच्या उबेची जागा घेणारा कापूस, तोंडाच्या मापाने शोधून काढलेले दूध पाजण्याचे साधन, एका माणसाचे अखंड लक्ष, आणि मुख्य म्हणजे ह्या जिवावर आपली मालकी नाही, तो वाढवून पुढे धाडावयाचा आहे, हा आरंभापासूनचा संकल्प. त्या वृद्धाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही ह्याची मला नेहमी हळहळ वाटते. बंदरातील नौका, गव्हर्नरांची नावे आणि मालाचे भाव ह्यांची दप्तरे भरली; चष्मा लावून उंदराला दूध पाजणारा माणूस मात्र केवळ एका प्रवाशाच्या पत्रातून आपल्यापर्यंत आला.

ह्या रुग्णालयांमागे एक मोठी परंपरा उभी होती. गिरनारच्या शिलेवर अशोकाने माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था कोरवून ठेवली. बाराव्या शतकात कुमारपालाने आपल्या राज्यात हिंसाबंदी पुकारली. अकबराच्या दरबारी गेलेल्या हीरविजयसूरींनी पर्युषणाच्या दिवसांत प्राणिवध बंद ठेवण्याची फर्माने मिळविली. ह्या भावनेला पांजरापोळ ह्या स्थायी संस्थेचे रूप दिले ते गुजरातच्या महाजनांनी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघांनी. पांजरापोळाचा खर्च राजाच्या मर्जीवर अवलंबून नसे. व्यापारी पेढ्या आपल्या व्यवहारावर ‘लागा’ म्हणून एक बारीकशी रक्कम बसवीत, आणि त्या उत्पन्नातून चारा, दाणा, गुमास्ते व नोकर ह्यांची तरतूद होई. काही पांजरापोळांत ‘जीवातखाना’ असे. कीड पडलेले धान्य तेथे नेऊन ठेवीत, म्हणजे किड्यांनाही आपले आयुष्य पुरे करता येई. वाघोडियाला लागून असलेल्या डभईस १७८० ते १७८३ ह्या काळात कंपनीचा कलेक्टर म्हणून राहिलेला, आणि साल्बाईच्या तहानंतर तो परगणा मराठ्यांस परत मिळाला तेव्हा तेथून निघालेला जेम्स फोर्ब्ज, ह्याने सुरतेच्या अशाच एका रुग्णालयाचे वर्णन आपल्या ग्रंथात केले असून, उंदीर आणि ढेकूण ह्यांसाठी राखलेला विभाग पाहून त्याला वाटलेला अचंबा त्यात दिसून येतो.

ह्या संस्थेपुढे माझे मस्तक नम्र होते. तथापि तिची एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण पुढची सर्व कथा त्या मर्यादेतूनच निघते. पांजरापोळ प्राण्याला मारीत नाही, उपाशी ठेवीत नाही. परंतु शेकडो जनावरांच्या गर्दीत एका जिवाकडे पाहणारे डोळे तेथे क्वचितच असतात. गाईबैलांसारखी मोठी जनावरे अशा व्यवस्थेत तगून जातात. आठ दिवसांचे, डोळे न उघडलेले पिल्लू तगत नाही. खंबायतेच्या त्या डबीतील जीव वाचले ते, एक माणूस तीच डबी समोर घेऊन बसला होता म्हणून.

आणि घर? आपल्या धर्मात आणि आचारात प्राण्यांचा वाटा ठरलेला आहे. पंचबलीत गोग्रास आहे, काकबळी आहे, श्वानबळीही आहे. परंतु कुत्र्याचा घास उंबरठ्याबाहेर ठेवावयाचा असतो. दत्तात्रेयाच्या चरणांशी चार श्वान बसलेले चालतात, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा चालतो. तोच माजघरात आला म्हणजे सोवळे मोडते. राजाश्रयाची गोष्ट अर्थात वेगळी. छत्रपती शाहूमहाराजांना शिकारीत वाघापासून वाचविणाऱ्या त्यांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याला महाराजांनी जहागीर आणि पालखी दिल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे, आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीस त्या खंड्याची समाधी आजही दाखवितात. बडोद्याच्या दरबारात हत्तींसाठी पिलखाना होता, शिकारी चित्ते होते, आणि खंडेरावमहाराजांच्या कारकिर्दीत साठमारीचे खेळ पाहावयास युरोपातून प्रवासी येत. पण ही सर्व जनावरे पराक्रमासाठी, नाहीतर करमणुकीसाठी सरकारी दफ्तरात दाखल झालेली होती. नाव नसलेल्या, उपयोग नसलेल्या पिल्लाला दरबारात वा देवघरात जागा नव्हती.

सामान्य माणसांनी मात्र पांजरापोळ आणि घर ह्या दोहोंमधून एक वाट काढली होती, आणि तिचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही म्हणून मी तो येथे मुद्दाम करतो. भाद्रपदात कुत्र्यांचा मिलनकाळ असतो हे मराठी माणसाला सांगावयास नको. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, थंडीच्या तोंडावर, कुत्री विते. गुजरातच्या पोळांत, म्हणजे शहरी गल्ल्यांत, आणि खेड्यांत अशा वेळी मुले घरोघर जाऊन पीठ, गूळ आणि तूप मागून आणतात, त्याचा शिरा करतात आणि बाळंतिणीला घालावा तसा तो त्या कुत्रीला घालतात. पोत्याचा, जुन्या गोधडीचा आडोसाही कोणी तरी करून देते. बडोद्याच्या मराठी वस्त्यांतील मुलेही ह्या शिऱ्याच्या वर्गणीत सामील होत आली आहेत. येथे दया सामुदायिक आहे, पण संस्थेची नाही. अमुक कुत्री, तिची अमुक पाच पिल्ले, त्यांतले एक दुबळे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते. एवढे असूनही बहुसंख्य पिल्ले जगत नाहीत. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी २०१० ते २०१५ ह्या काळात रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले, तेव्हा शंभरातील सुमारे १९ पिल्लेच प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली, आणि मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू माणसांच्या कृतींमुळे घडलेले होते.

इंग्रजी अमलात ह्या प्रश्नाला हिंसक वळण लागले. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम मुंबईत पूर्वीपासूनच होता. १८३२ साली तो अधिक कडक झाला, आणि कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्यामुळे शिपायांनी घरादारांतून पाळीव कुत्रीही ओढून नेली. ज्या पारशी समाजात मृताच्या अंत्यविधीलाही कुत्र्याची दृष्टी आवश्यक मानली जाते, तो समाज ६ जून रोजी रस्त्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली आणि गोऱ्या पलटणीची रसद अडली. सरकारने लष्कर बोलावून दंगल मोडली खरी, पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. जमशेटजींचे घराणे नवसारीचे, आणि नवसारी हा गायकवाडीचाच प्रांत. तेव्हा गुजरातची ही जुनी संस्था मुंबईस गेली ती एका अर्थी बडोदे राज्याच्याच वाटेने गेली, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेशनिवारक मंडळी स्थापन झाली आणि १८८३ च्या सुमारास दिनशा पेटिट ह्यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई पशुरुग्णालय निघाले. तिकडे लंडनमध्ये मेरी टील्बी ह्या बाईंनी १८६० साली हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्याच्या नावातच तो तात्पुरता आहे असे म्हटले होते. ही तात्पुरतेपणाची जाणीव आमच्या पांजरापोळांत सहसा नव्हती, तेथे आलेला जीव बहुधा मरेपर्यंत तेथेच राही.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या प्रयत्नांतून प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा झाला. २००१ च्या नियमांनी कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडण्याचे धोरण मुक्रर केले, आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने लिहिले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व तिच्या परिसरापुरता प्रथम सर्व कुत्र्यांना निवाऱ्यात डांबण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच त्यात दुरुस्ती केली, तेव्हा हा जुना वाद सर्व देशाने पुन्हा ऐकला. परंतु ह्या साऱ्या वादात वयात आलेले कुत्रेच डोळ्यांपुढे असते. नसबंदीच्या कार्यक्रमात दूधपित्या पिल्लाला स्थान नाही, आणि निवाऱ्यात तर ते ठेवणेच धोक्याचे. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लांच्या आतड्यांवर आघात करतो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो; एका आजारी पिल्लामागे अख्खा पिंजरा रिकामा होतो. मांजरांतही त्याच कुळातला रोग आहे. पांजरापोळाच्या मर्यादेविषयी मी वर जे म्हटले, त्याला वैद्यकाने दिलेली ही पुष्टी होय. गर्दी हाच जेथे रोग, तेथे घर हे औषध ठरते.

ते घर काय करते ते जवळून पाहण्याजोगे आहे. वाघोडिया रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खोक्यात जुने धोतर अंथरलेले असते आणि त्याखाली गरम पाण्याची बाटली. कारण तीन आठवड्यांच्या आतील पिल्लू स्वतःची ऊब राखू शकत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब न देता दूध दिले तर ते पचत नाही. गाईचे दूध चालत नाही, त्याने जुलाब होतात. पिल्लांसाठीची दुधाची पूड कोमट पाण्यात कालवून, पिल्लाला पालथेच धरून, सुई काढलेल्या पिचकारीने पाजावी लागते. उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. दर दोन-तीन तासांनी हे करावयाचे, रात्रीसुद्धा. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसावयाचे, कारण ह्या वयात लघवीही त्याला आपली आपण होत नाही; ते काम आई जिभेने करते. रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा वहीत टिपावयाचा. डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात. मग सुरू होते ते दुसरे शिक्षण: मिक्सरचा आवाज, झाडू, लहान मूल, अनोळखी पाहुणा ह्यांना न भिण्याचे. मांजराला साधारण दुसऱ्या ते सातव्या, आणि कुत्र्याला तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसाची सवय झाली तर ती जन्मभर पुरते. हा काळ पिंजऱ्यात गेला तर पुढे त्याला घर मिळणे कठीण होते.

आणि हे सगळे करून ते देऊन टाकावयाचे. पुष्कळ लोक म्हणतात की आम्हाला हे जमणार नाही, माया जडेल. माझ्या मते माया जडणे हीच ह्या कामाची पात्रता आहे. ज्याला जडत नाही त्याने ते करू नये. लेकीला सासरी पाठविणाऱ्या समाजाला प्रेम करून निरोप देणे अपरिचित नाही. शिवाय एक पिल्लू गेल्याशिवाय दुसऱ्याला खोके रिकामे होत नाही, हा ह्या व्यवहाराचा साधा हिशेब आहे, आणि तो ज्याला उमगला त्याच्या घरातून वर्षाकाठी अनेक जीव मार्गी लागतात.

आज ह्या घरांना उणीव आहे ती आधाराची. लस, पूड, वैद्य ह्यांचा खर्च एकटे बिऱ्हाड सोसते. प्राणिकल्याण मंडळाने २०१५ मध्येच गृहसंस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही असे कळविले असूनही, भाडेकरू विद्यार्थ्याला घरमालकाची बोलणी खावी लागतात. गुजरातच्या पांजरापोळांपाशी जमिनी आहेत, उत्पन्न आहे, आणि महाजनांची शिस्त आहे. त्यांनी आपापल्या तालुक्यातील अशा घरांची एक नोंदवही ठेवावी, ‘लाग्या’च्या जुन्या रिवाजाला अनुसरून वाघोडियाच्या कारखानदारांकडून अल्प वर्गणी घ्यावी, पूड आणि लस तेथून द्यावी, आणि आपल्या दारी टाकलेले प्रत्येक दूधपिते पिल्लू गोठ्यात न ठेवता त्याच दिवशी वहीतल्या एखाद्या घरी पोहोचवावे. मांजरींची वीण उन्हाळ्याबरोबर सुरू होते. तेव्हा ही तजवीज फाल्गुनापूर्वी व्हावयास हवी.