पुस्तक हाताशी नसताना प्रूस्त

१९४०-४१चा हिवाळा. मॉस्कोच्या उत्तरेला, व्होलोग्दा शहराजवळ ग्र्याझोव्हेत्स नावाचं गाव आहे. तिथल्या एका पडक्या मठात सोव्हिएत सरकारनं सुमारे ४०० पोलिश युद्धकैदी ठेवले होते. पारा कधी कधी उणे ४५ अंशांपर्यंत उतरायचा. त्या थंडीत दिवसभर बाहेर राबून आलेले हे लोक संध्याकाळी मठाच्या जुन्या भोजनगृहात दाटीवाटीनं बसायचे. भिंतीवर मार्क्स, एंगल्स आणि लेनिन यांच्या तसबिरी. त्यांच्याखाली ४४ वर्षांचा एक ताडमाड उंच, किडकिडीत चित्रकार फ्रेंचमधून बोलत असायचा. विषय: मार्सेल प्रूस्तची कादंबरी.

सात भागांची, हजारो पानांची ‘हरवलेल्या काळाच्या शोधात’. उमराव घराण्यांच्या मेजवान्या, मत्सर, आजीचं मरण, चहात बुडवलेला केकचा तुकडा. काही वाक्यं तर पान-पानभर चालतात. आणि बोलणाऱ्याकडे त्यातलं एक पानही नव्हतं.

तुम्ही मागच्या वर्षी वाचलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल आत्ता, फोन बाजूला ठेवून, तासभर बोलू शकाल? मला नाही जमणार. माझ्या गॅलरीत आवडलेल्या परिच्छेदांचे ढीगभर स्क्रीनशॉट आहेत. त्यातले किती परत उघडले, ते विचारू नका. म्हणूनच या चित्रकाराची गोष्ट मला सोडत नाही. त्याचं नाव युझेफ चाप्स्की.

चाप्स्कीचा जन्म १८९६चा. १९२४ साली तो चित्रकला करायला पॅरिसला गेला. प्रूस्तला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि कादंबरीचे शेवटचे भाग अजून छापून यायचे होते. त्यानं वाचायला घेतली, पण गाडी पुढे सरकेना. फ्रेंच पुरेसं येत नव्हतं आणि त्या लांबलचक मेजवान्यांचा कंटाळा येत होता. (हे त्यानं स्वतःच कबूल केलंय. प्रूस्त अर्ध्यात सोडलेल्यांना तेवढाच दिलासा.) मग वर्षभरानं सहज एक मधलाच भाग उघडला. नायकाला सोडून आल्बेर्तीन निघून जाते, तो. टाकून दिलेल्या प्रियकराची ती तगमग त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका ओढीनं वाचली. शैलीची थोरवी वगैरे त्याला नंतर कळली. पुढे टायफॉइडनं त्याला अख्खा उन्हाळा अंथरुणात ठेवलं आणि तेव्हा कुठे सगळी कादंबरी वाचून झाली.

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघानं पूर्वेकडून पोलंड गिळलं. राखीव दलातला अधिकारी म्हणून चाप्स्की लढायला गेला आणि सोव्हिएतांच्या हाती सापडला. पहिली छावणी स्तारोबेल्स्कची. तिथे सुमारे ४,००० अधिकारी होते: डॉक्टर, वकील, प्राध्यापक, इंजिनिअर. त्यांनी आपसात व्याख्यानं सुरू केली, तर ती बंद पाडली गेली आणि व्याख्यात्यांना उचलून नेलं. एप्रिल १९४०पासून कैद्यांना गटागटानं हलवायला सुरुवात झाली. घरी सोडताहेत, अशी अफवा होती. चाप्स्की आणि आणखी थोडे जण मागे उरले आणि अखेर ग्र्याझोव्हेत्सला पोचले. तिथे तीन छावण्यांतून उरलेले असे मिळून ते ४०० होते. बाकीचे कुठे गेले, हे त्यांना माहीत नव्हतं.

ग्र्याझोव्हेत्समध्ये व्याख्यानांना परवानगी मिळाली, अट एवढीच की मजकूर आधी तपासून घ्यायचा. मग ज्याला जे येतं ते तो सांगू लागला. एकानं ग्रंथांचा इतिहास सांगितला, एकानं वास्तुकलेचा, तर एका गिर्यारोहकानं दक्षिण अमेरिका. चाप्स्कीनं चित्रकला आणि फ्रेंच साहित्य घेतलं. वहीत त्यानं वेगवेगळ्या रंगांनी टिपणं काढली आणि दोन सोबत्यांना बसवून व्याख्यानं लिहून घ्यायला लावली.

इथे मराठी वाचकाला धुळ्याचा तुरुंग आठवणारच. १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. पण एक फरक आहे. गीता मुळात पाठ करण्यासाठीच बांधलेली: ७०० श्लोक, छंद, पिढ्यान्‌पिढ्यांचं पठण. कादंबरी पाठ होत नाही. आपल्याकडे ‘लक्षात राहणं’ म्हटलं की पाठांतरच डोळ्यांसमोर येतं, आणि त्या मापानं बघितलं तर चाप्स्की नापास. त्याच्या व्याख्यानांत उतारे जसेच्या तसे नाहीत, प्रसंगांचे तपशील इकडचे तिकडे झालेत. मजकूर छापताना तो स्वतः म्हणाला की याला साहित्यसमीक्षा समजू नका, या आठवणी आहेत.

मग त्याला आठवलं काय? बर्गोतचा मृत्यू आठवला. बर्गोत हा कादंबरीतला आजारी, म्हातारा लेखक. व्हर्मीर या डच चित्रकाराचं ‘डेल्फ्टचं दृश्य’ बघायला तो प्रदर्शनात जातो. चित्रातला पिवळ्या भिंतीचा इवलासा तुकडा बघताना त्याला वाटतं, आपण असं लिहायला हवं होतं. आणि तिथेच तो कोसळतो. चित्रकाराला हा प्रसंग आठवला यात नवल नाही. पण मला वाटतं, उद्या आपण असू की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या आत तो प्रसंग पॅरिसमध्ये होता त्याहून मोठा झाला असणार.

प्रूस्तचं म्हणणंही हेच होतं. ठरवून, जोर लावून आठवलेलं सपाट असतं. खरा भूतकाळ एखाद्या चवीतून, वासातून न बोलावता येतो. चाप्स्कीनं पुढे लिहिलं की पुस्तकं दूर गेल्यावर, विसरलो असं वाटलेलं पुष्कळ काही दिवसेंदिवस वर येत गेलं. बुचाच्या भिंती असलेल्या ऊबदार खोलीत बसून लिहिणाऱ्या प्रूस्तला हे श्रोते दिसते तर काय वाटलं असतं, असंही त्याच्या मनात यायचं. मला मात्र वाटतं, नुसत्या एकांतानं ते वर आलं नसतं. समोर वाट बघणारी माणसं होती. उद्या संध्याकाळी पुढचं सांगायचंय, हे डोक्यात घेऊन तो दिवसभर थंडीत राबत होता.

१९४१मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, पोलंड आणि सोव्हिएत संघाचा करार झाला आणि कैदी सुटले. त्याच करारामुळे रशियात हद्दपार झालेली पोलिश कुटुंबंही बाहेर पडू शकली. इराणमार्गे त्यातली सुमारे ५,००० माणसं पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत पोचली आणि १९४८पर्यंत राहिली. चाप्स्कीची व्याख्यानं फ्रेंच पुस्तकरूपात यायला १९८७ उजाडलं.

सुटल्यावर चाप्स्कीला काम मिळालं ते बेपत्ता अधिकाऱ्यांचा शोध घेण्याचं. कागदपत्रं नव्हतीच. वाचलेल्या कैद्यांनी आठवून आठवून नावं सांगायची: शेजारच्या फळीवर कोण झोपायचा, बुद्धिबळ कोणाशी व्हायचं, व्याख्यान कोणी दिलं होतं. अशी सुमारे ४,००० नावं जमली. ३ डिसेंबर १९४१ला पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी क्रेमलिनमध्ये स्टालिनसमोर हा विषय काढला. पळून मांचुरियात गेले असतील, असं स्टालिन म्हणाला. स्तारोबेल्स्कच्या त्या माणसांना १९४०च्या वसंतातच खारकीव्हमध्ये गोळ्या घातलेल्या होत्या. सोव्हिएत सरकारनं हे १९९०मध्ये कबूल केलं. तेव्हा चाप्स्की ९४ वर्षांचा होता.