खांब फुटतानाचा आवाज

नांदेडहून क्लाससाठी लातूरला आलो, तेव्हा हेडफोनमध्ये मेटल असायचं. घरी मात्र लपून ऐकायचो. फिनलंडच्या अमॉर्फिसने १९९४मध्ये 'कालेवाला' या तिकडच्या महाकाव्यावर अल्बम केला होता. वाटायचं, आपल्या गोष्टींना या संगीतात जागाच नाही.

ती जागा मुंबईत तयार होत होती. साहिल मखिजाने २०००मध्ये 'डेमॉनिक रेझरेक्शन' हा बँड काढला, पुढे स्वतःचं लेबलही. २००५, २०१०, २०१४ असे अल्बम येत गेले. २०१७मध्ये आला 'दशावतार'. मत्स्य ते कल्की, दहा गाणी.

सुट्टीत धीर करून आजीला त्यातलं नरसिंहाचं गाणं ऐकवलं. शब्द इंग्रजी, गळा फाटलेला. ती म्हणाली, "खांब फुटताना असाच आवाज झाला असंल." तेव्हापासून लपणं बंद.