मुतालिक आणि मोर्तब

बाळाजी आवजी चिटणीसांची कोऱ्या कागदाची आख्यायिका मराठी वाचकाच्या कानावरून बहुधा शाळेतच गेलेली असते. शिवाजीमहाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहिण्याची आज्ञा केली. कामाच्या गर्दीत ते लिहावयाचे राहून गेले. रात्री महाराजांनी मजकूर वाचून दाखवण्यास फर्मावले तेव्हा बाळाजींनी कोरा कागद समोर धरला आणि सारे पत्र अस्खलित वाचून दाखवले. जवळ उभ्या असलेल्या मशालजीला हसू आवरेना, म्हणून बिंग फुटले. महाराज रागावले नाहीत, उलट प्रसन्नच झाले, असे परंपरा सांगते. ऐतिहासिक कागद म्हणून या गोष्टीचे वजन फारसे नाही. परंतु बुद्धिमान लेखकाची थोरवी सांगण्यासाठी आपण ती इतकी वापरली आहे, की त्या प्रसंगात कागदाकडे प्रत्यक्ष पाहणारा मनुष्य एकच होता आणि तो मशालजी होता, ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही.

आज ही आख्यायिका आठवण्याचे कारण साहित्याबाहेरचे आहे, निदान प्रथमदर्शनी तसे वाटते. २०२१ साली गिटहब कोपायलट आले तेव्हा यंत्र प्रोग्रामरला पुढची ओळ सुचवत असे. स्वीकारायची की टाकायची हे माणूस ओळीओळीला ठरवी. २०२४-२५ मध्ये ‘एजंट’ नावाची जी साधने आली त्यांचा व्यवहार वेगळा आहे. त्यांना ओळ मागायची नसते, काम सांगायचे असते. एजंट प्रकल्पातील फायली स्वतः उघडून वाचतो, कोड लिहितो, चालवून पाहतो, चूक निघाली तर पुन्हा लिहितो आणि शेवटी काम झाल्याचा वृत्तान्त सादर करतो. लिहिणारा दुसरा, जबाबदार आपण, आणि मधे हा वृत्तान्त. मराठी दप्तराचा थोडाफार परिचय असलेल्याला ही रचना अनोळखी वाटू नये.

कोड लिहिणे ही मुळातच सोपवलेली लेखनिकी होती, हे आता विसरले गेले आहे. १९४७-४८ मध्ये गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या वापरावर जे अहवाल लिहिले त्यांत ‘योजना’ आणि ‘कोडिंग’ या दोन पायऱ्या वेगळ्या मानल्या होत्या. गणिती विचार करणारा योजना करील आणि ती यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम ‘कोडर’ करील, अशी ती कल्पना. कोडर म्हणजे कारकून. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रावर गणिते बसवणाऱ्या सहा स्त्रियांकडे असेच पाहिले गेले. त्यांच्या कामात बुद्धीचा वाटा किती होता हे मान्य व्हायला काही दशके जावी लागली. पुढे हे उतरवण्याचे काम यंत्राकडेच द्यावे असे ग्रेस हॉपर यांनी मांडले आणि १९५२ च्या सुमारास त्यांचा पहिला कंपायलर तयार झाला. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाची फोरट्रान आली. या प्रकाराला त्या काळी ‘स्वयंचलित प्रोग्रामिंग’ असेच म्हणत. यंत्राला हे जमणार नाही, जमले तरी माणसाइतके काटकसरीचे जमणार नाही, असा जुन्या कोडरांचा आक्षेप होता. त्याचा सूर आज ऐकू येणाऱ्या सुरापासून फार दूर नाही.

महाराष्ट्रात या इतिहासाचे दोन ठळक टप्पे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्याचे नामकरण १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी केले. दुसरा टप्पा पुण्याचा. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व आरेखन केंद्रात पुढे अशा साधनांवर काम झाले, की माणसाने व्यवहाराचा आराखडा नेमक्या चिन्हांत मांडावा आणि कोड यंत्राने काढावा. ‘मास्टरक्राफ्ट’ हे त्यांतले नावाजलेले साधन. म्हणजे कोड लिहिण्याचे काम यंत्राकडे सोपवणे ही आपल्याकडेही कालपरवाची गोष्ट नव्हे.

मग नवे काय? कंपायलर हा नकलनवीस आहे. दिलेल्या मजकुराची ठरलेल्या नियमांनी दुसऱ्या लिपीत प्रत काढणे एवढेच त्याचे काम. तोच मजकूर शंभरदा दिला तर प्रत तीच निघेल. एजंटाचे तसे नाही. आपण सैल मराठीत किंवा इंग्रजीत हेतू सांगतो आणि हेतू व कृती यांमधली जागा तो आपल्या समजुतीने भरून काढतो. त्याला कारकून म्हणणे अपुरे आहे. आपल्या जुन्या शब्दांपैकी त्याला शोभणारा शब्द ‘मुतालिक’. मुतालिक धन्याच्या नावाने, धन्याच्या गैरहजेरीत, स्वतःच्या अक्कलहुशारीने कारभार करतो. नकलनवीसाच्या चुका अक्षरांच्या असतात, मुतालिकाच्या निर्णयांच्या.

मराठी दप्तराने हा धोका ओळखला होता. मजकूर लेखनिकाने लिहावा, आधी खर्डा आणि मग पक्की प्रत व्हावी, नोंद रुजू व्हावी, आणि अखेरीस मोर्तब उठावी, ही शिस्त निव्वळ कागदी डौलाची नव्हती. पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या मोर्तबेचा अर्थच असा, की लेखनाची मर्यादा येथे संपली. हिच्या वरचे माझे, खाली कोणी एक अक्षर वाढवील तर ते माझे नव्हे. शेकडो कोस दूर बसलेल्या, लिहिणाऱ्याचा चेहरा न पाहिलेल्या माणसाने पत्रावर विश्वास ठेवायचा तो या चिन्हाच्या आधारे.

एजंटाला प्रथमच काम देणाऱ्याने नेमकी हीच व्यवस्था उभी करायची असते. प्रोग्रामर २००५ पासून गिट नावाची जी प्रणाली वापरतात तिच्यात प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कुठे केला याची नोंद राहते. मूळ प्रतीला धक्का न लावता वेगळी शाखा काढून तिथे खर्डा करता येतो. एजंटाने आपल्या शाखेत लिहावे आणि मूळ प्रतीत ते मिसळण्याची मोर्तब माणसाच्या हाती राहावी. पहिले काम लहान असावे, आणि त्याचा ताळा आपल्याला स्वतंत्रपणे काढता येईल असे असावे. उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला कळण्याचा मार्गच नसेल, तर ते काम सोपवण्याजोगे झालेले नाही. पुष्कळ लोक याच्या उलट, स्वतःला मुळीच न समजलेले काम सर्वांत आधी देतात. ते स्वाभाविक आहे, आणि घातकही.

एजंटासाठी प्रकल्पाच्या मुळाशी सूचनांची एक फाईल ठेवण्याची रीत आता पडली आहे. येथे काय आहे, कोणत्या पद्धतीने लिहावे, कशाला हात लावू नये, हे तिच्यात साध्या भाषेत लिहिलेले असते. अशा काही फायली मी वाचल्या. बहुतेकांत नुसत्या मनाया असतात. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५-१६ च्या सुमाराचे आज्ञापत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, ही त्यातली आज्ञा प्रसिद्ध आहे. पण अमात्य मनाई करून थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारण ते सोबत देतात. ज्याला कारण ठाऊक आहे तो आज्ञेत न आलेल्या चिंचेच्या झाडापाशीही थबकेल. यंत्राला दिलेल्या सूचनेबाबतही हाच अनुभव येतो.

अर्थात लेखी ताकीद पुरेशी नसते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एका उद्योजकाचे काम करणाऱ्या एजंटाने, सध्या काहीही बदलायचे नाही अशी स्पष्ट ताकीद असताना, चालू डेटाबेसच पुसून टाकला. वर हा मजकूर परत आणता येणार नाही असेही सांगितले, आणि ते खोटे ठरले. यात कपट शोधण्याचे कारण नाही. सुसंगत, विश्वासार्ह वाटणारा वृत्तान्त रचणे ही या यंत्राची स्वाभाविक गती आहे, आणि तो वृत्तान्त कोऱ्या कागदावरूनही तितकाच अस्खलित वाचला जातो. म्हणून वृत्तान्त ऐकून भागत नाही. मशाल आपल्यालाच धरावी लागते. आणि ज्या कोठीची किल्ली त्या कामाला लागत नाही ती मुळात द्यायचीच नाही.

मुतालकीला आणखी एक बाजू आहे आणि अध्यापक म्हणून मला तिची अधिक चिंता वाटते. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूमहाराज वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याला प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांचे बंड मोडले गेले, आणि तेथेच झालेल्या कराराने रामराजांची सत्ता पेशव्यांच्या हाती गेली. शिक्क्यात छत्रपतींचे नाव पुढेही राहिले. सोपवलेला अधिकार वापरणाऱ्याच्या हाती मुरतो आणि न वापरणाऱ्याच्या हातून सुटतो.

पेशव्यांच्या घरात हे ज्या बाईने जवळून पाहिले ती आमच्या नाशिकजवळ गोदेकाठी गंगापूरला येऊन राहिली. गोपिकाबाईंनी पानिपतावर विश्वासराव, १७७२ मध्ये माधवराव आणि १७७३ मध्ये नारायणराव गमावले. १७७४ मध्ये जन्मलेला नातू सवाई माधवराव नाना फडणीसांच्या देखरेखीत वाढत होता. त्याला आजीने दिनक्रमाविषयी सविस्तर सूचना लिहून पाठवल्याचे प्रसिद्ध आहे. आजी १७८८ मध्ये गेली आणि नातू १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी. कारभार नानांनी उत्तम चालवला, यात वाद नाही. पण इतक्या उत्तम कारभाऱ्याच्या छायेत मुलगा कारभार शिकला का, हा प्रश्न राहतोच. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पहिलाच प्रोग्राम एजंटाकडून लिहवून घेतो आणि तो चालतोही. त्या मुलाकडे पाहताना मला गंगापूर आठवते.

योगायोग असा, की मुतालिकांनी परस्परांशी व्यवहार कसा करावा या प्रश्नावर काम करणारे एक ठळक नाव नाशिकचेच आहे. येथे वाढलेले आणि २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने ‘कुंभथॉन’ उभारणारे एमआयटीचे रमेश रासकर यांचा ‘नंदा’ हा प्रकल्प, निरनिराळ्या एजंटांना एकमेकांना शोधता, ओळखता आणि पारखता कसे यावे याचा विचार करतो. मुतालिकांनीही मुतालिक नेमायचे ठरवले की मोर्तब कोणाची, हा दप्तरी प्रश्न तेथे नव्याने उभा राहतो.

शेवटी माझा एक लहान अनुभव, कारण तो थेट आपल्या विषयातला आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षे वेगवेगळ्या हातांनी टंकित झाल्या होत्या. त्यांची शब्दसूची करण्याचे काम मी एजंटाला दिले. ‘ऱ्य’ हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवले जाते. एक रीत नुक्त्याच्या ऱ ची. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. त्यामुळे एकच शब्द सूचीत दोनदा येत होता. तो एकदाच यावा, अशी कसोटी मी लिहून दिली होती. एजंटाने अदृश्य चिन्हे ‘अनावश्यक’ ठरवून सगळ्या मजकुरातून काढून टाकली, उरलेल्या ऱ चा र केला आणि कसोटी उत्तीर्ण झाल्याचे कळवले. ती खरोखरच उत्तीर्ण झाली होती. सूची मोठ्याने वाचताना त्र्यंबककडची एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, “सर, आमच्याकडे दर्या कुठून आला?” सह्याद्रीच्या साऱ्या दऱ्यांचा दर्या झाला होता.

तेव्हा मला पैठणचे एकनाथ आठवले. १२९० साली नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली ज्ञानेश्वरी पुढे नकलनवीसांच्या हातांतून फिरली. तीनशे वर्षांत प्रत्येकाने काही ना काही सुधारले. १५८४ मध्ये नाथांना अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध करावा लागला. त्या सुधारणांपैकी कित्येक करणाऱ्यांना योग्यच वाटल्या असणार.

मूळ फायली वेगळ्या जपलेल्या होत्या, म्हणून आमचे एका सायंकाळचेच काम वाया गेले. सूचनांच्या फाईलीत मी दोन वाक्ये वाढवली: मूळ मजकुरातले कोणतेही चिन्ह, दिसो वा न दिसो, काढू नये, कारण मराठीत त्यावर अर्थ ठरतो, आणि तुलनेसाठी एकरूप प्रत लागली तर दोन्ही रीती ऱ कडे न्याव्यात व ती प्रत वेगळी ठेवावी. दुसऱ्या खेपेला सूची नीट आली. फक्त ‘बळ’ हा शब्द ‘बहर’च्या आधी लागला होता, कारण संगणकाच्या अनुक्रमात ळ हा ल च्या शेजारी बसतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह च्या नंतर येतो. तो क्रम लावण्याचे काम आता त्या विद्यार्थिनीकडे आहे. एजंटाला काय सांगायचे ते तिने ठरवावे आणि ताळाही तिनेच काढावा, असे ठरले आहे.