एकवीसचा डाव: पैज आणि मेजावरची रीत

ब्लॅकजॅकच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: हरलो तर पुढच्या डावाला दुप्पट लावावे का? उत्तर इथेच देऊन टाकतो, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. लावू नये. १० डॉलरपासून सुरुवात करून प्रत्येक हरलेल्या डावानंतर रक्कम दुप्पट केली, तर लागोपाठ सहा डाव गेल्यावर ६३० डॉलर संपलेले असतात आणि सातव्याला ६४० लागतात. मेजाची कमाल मर्यादा ५०० असली की तिथेच योजना अडते. मर्यादा नसली तरी फरक पडत नाही. प्रत्येक पैजेत थोडा तोटा बांधलेला असेल, तर त्या पैजा कोणत्याही क्रमाने मांडा, बेरीज तोट्याचीच येणार. तुम्ही मागचा डाव हरलात याची पत्त्यांना खबर नसते.

मागच्या डावात कोणते पत्ते निघून गेले, याचा परिणाम मात्र पुढच्या डावावर होतो. या विषयाचे सारे वैभव या फरकात आहे. रुलेटची गोळी दर वेळी त्याच चाकावर फिरते. इथे वाटलेला पत्ता पुन्हा पिसणी होईपर्यंत परत येत नाही, त्यामुळे उरलेला गठ्ठा सतत बदलत जातो. पंजी-छक्कीसारखे लहान पत्ते बरेचसे बाहेर पडले, की मागे दश्शा, चित्रे आणि एक्के दाट उरतात. डीलरला १७ होईपर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, म्हणून १२ ते १६ वर अडकला की मोठा पत्ता त्याला २१ च्या पलीकडे ढकलतो. खेळाडूला थांबायची मुभा असते. शिवाय एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता पहिल्याच वाटपात आला, तर खेळाडूला पैजेच्या दीडपट मिळते. डीलरला तसे जादा काही मिळत नाही.

याची पायाभरणी १९५६ साली झाली. मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन इथल्या लष्करी तळावर असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमट या चौघांनी आकडेमोडीच्या साध्या यंत्रांवर हिशेब करून, प्रत्येक परिस्थितीत खेळाडूने काय करावे याचा आराखडा सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला. हातात दश्शी आणि तिर्री, डीलरचा उघडा पत्ता छक्की. अशा वेळी १३ वर थांबायला मन धजत नाही. पण छक्की दाखवणारा डीलर शंभरात चाळीसहून अधिक वेळा बाद होतो, म्हणून थांबायचेच. त्या चौघांच्या चिकाटीबद्दल मला आजही अपार आदर वाटतो. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटीत आयबीएम ७०४ संगणकावर, काही पत्ते गठ्ठ्यातून काढून टाकले तर काय होते, याचे गणित केले. तिथलेच प्राध्यापक क्लॉड शॅनन यांच्या मदतीने १९६१ मध्ये थॉर्प यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक.

पैज कधी वाढवावी, याचे उत्तरही तेव्हाच मिळाले. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र शॅनन यांनी थॉर्प यांच्या नजरेस आणून दिले: वरचढपणा जेवढा, त्या प्रमाणात गंगाजळीतला हिस्सा लावा, वरचढपणा नसेल तेव्हा कमीत कमी. वाचकाने इथे एक आकडा मनात ठेवावा. उत्तम आराखडा पाळणाऱ्याचा १०० डावांतला सरासरी तोटा चांगल्या नियमांच्या मेजावर साधारण अर्ध्या पैजेचा असतो, तर सहज होणारा चढउतार अकरा पैजांहून जास्त. एका रात्रीच्या जिंकण्याहरण्यावरून पद्धतीची पारख करणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

बसण्याआधी मेजावर छापलेले वाचावे. एक्का-दश्शीला १०० वर १५० ऐवजी १२० मिळत असतील, तर तेवढ्यानेच तोटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. डीलरचा एक्का दिसल्यावर पुढे केला जाणारा ‘इन्शुरन्स’ही तपासावा: सहा कॅटमध्ये उरलेल्या ३११ पत्त्यांत दहाच्या किमतीचे ९६, म्हणजे ३१ टक्क्यांहून थोडे कमी, आणि डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघेल यावरची ती दामदुपटीची पैज बरोबरीत सुटायला ३३.३ टक्के हवेत.

मेजावरच्या रीतीला नवखे लोक निव्वळ शिष्टाचार समजतात, म्हणून तिच्यावर थोडे जास्त लिहितो. पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, दोन डावांच्या मध्ये मेजावर ठेवायचे. पत्ता हवा असेल तर बोटाने मेजावर टिचकी मारायची, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. पत्ते उघडे वाटले जात असतील तर त्यांना हात लावायचा नाही, आणि वाटप सुरू झाल्यावर लावलेल्या चिप्सना तर मुळीच नाही. छतावरच्या कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही, हात दिसतात. वाद झाला तर निकाल त्या चित्रावरून लागतो. ही रीत खेळाडूचेही रक्षण करते.

शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने पत्ता घेतला म्हणून सगळे हरले, ही तक्रार जगभर ऐकू येते. न पाहिलेला पुढचा पत्ता डीलरला तारण्याची शक्यता जेवढी, तेवढीच त्याच्या पुढच्याचीही. शेवटच्या माणसाच्या पत्ता घेण्याने इतरांचे जितक्या वेळा नुकसान होते तितक्याच वेळा भलेही होते. त्या माणसावर डाफरणे गणिताने चूक आहे आणि माणुसकीनेही. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, हे त्याच हिशेबात बसते.

पत्ते मनात मोजणे हा गुन्हा नाही, पण त्याची किंमत ठिकाणागणिक वेगळी. नेवाडात मोजणाऱ्याला कॅसिनो खेळायला मनाई करू शकते; न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पत्ते मोजणारे खेळाडू केन अस्टन यांच्या खटल्यात तसे करायला अटकाव केला. मराठी वाचकाला हा खेळ जवळून दिसतो तो पणजीत, मांडवीतल्या जहाजांवर. महाराष्ट्राने कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. या अभ्यासाला जहाज लागतही नाही. पत्त्यांचा एक कॅट घ्या, डीलरचे हातही स्वतःच वाटा, पैशांऐवजी चिंचोके लावा, आणि दोनशे डाव वहीत उतरवून मग पहिले प्रकरण उघडा.