पाठवण्यासारखे खरे व्हिडिओ, आणि एक खोटा चंद्र

काही वर्षांपूर्वी घरोघरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक क्लिप फिरली, अजूनही अधूनमधून येते. रशिया आणि कॅनडाच्या मधला बर्फाळ प्रदेश. क्षितिजावरून डोंगराएवढा चंद्र वर येतो, काही सेकंद सूर्याला झाकतो आणि अर्ध्या मिनिटात मावळतो. खाली 'सुभानअल्लाह' आणि 'सगळ्यांना पाठवा'. खरं सांगायचं तर आम्हीही ती पुढे ढकलली होती. नंतर कळलं की तो संगणकावर तयार केलेला अॅनिमेशन व्हिडिओ आहे.

शाबान असो की रमजान, २९ तारखेला मगरिबच्या वेळी गच्चीवर जाऊन चांद शोधणारी आपण माणसं. निदान आपण तरी फसायला नको होतं. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. पृथ्वीवर कुठेही उभे राहा, तो साधारण तेवढाच दिसतो. हात लांब करून करंगळी समोर धरली तर अख्खा झाकला जातो. उगवून मावळायला त्याला अर्धा मिनिट नाही, कित्येक तास लागतात. आणि सूर्याच्या आड आलेला चंद्र असा लख्ख उजळलेला दिसूच शकत नाही, कारण तेव्हा त्याची उजेडाची बाजू पलीकडे असते.

थक्क करणारंच काही पाठवायचं असेल तर खरे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आमच्या आवडीचे काही सांगतो.

चंद्राचंच बघायचं तर २ ऑगस्ट १९७१ चा अपोलो १५ मोहिमेतला व्हिडिओ बघा. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरतात आणि दोन्ही एकदम सोडतात. दोन्ही बरोबरच जमिनीवर पडतात. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पिसाला अडवणारं काही नाही. चित्र धुरकट आहे, पण मिनिटभरात मुलांना जे समजतं ते पुस्तकाच्या चार पानांत समजत नाही. आपल्या चांद्रयान-३ चं २३ ऑगस्ट २०२३ चं उतरणं सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर ३ सप्टेंबरला विक्रम लँडरने इंजिन पुन्हा चालू करून सुमारे ४० सेंटीमीटर उडी मारली, तो व्हिडिओ मात्र फार कमी लोकांनी पाहिलाय. इस्रोने तो स्वतः प्रसिद्ध केला आहे.

निसर्गाचा एकच निवडायचा तर ग्रीनलँडमधल्या इलुलिसात हिमनदीचा. २००८ मध्ये तिचा प्रचंड मोठा भाग ७५ मिनिटं तुटत राहिला आणि दोन जणांनी तो कॅमेऱ्यात पकडला. २०१२ च्या 'चेसिंग आइस' या माहितीपटात तो आहे. पाहताना मजा वाटत नाही, भीती वाटते.

खेळातला आमचा सगळ्यात लाडका व्हिडिओ सिफान हसनचा. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी १५ व्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली. २ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये सकाळी १५०० मीटरची प्राथमिक फेरी होती. शेवटचा फेरा सुरू होताना पुढची धावपटू पडली, तिला अडखळून सिफानही पडली. उठली, एकेकीला मागे टाकत गेली आणि त्या शर्यतीत पहिली आली! त्याच दिवशी संध्याकाळी ५००० मीटरचं सुवर्णपदकही तिनेच जिंकलं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण घेताना ती हिजाबमध्ये पोडियमवर उभी होती. मुलीला पळायला पाठवू की नको, असा विचार करणाऱ्या घरात हे दोन्ही व्हिडिओ जरूर दाखवा.

त्याच टोकियोत, त्याच्या आदल्या दिवशी, उंच उडीत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी दोघेही २.३७ मीटरवर बरोबरीत थांबले. अधिकारी निर्णायक उडीचं सांगत होते, तेवढ्यात बार्शिमने विचारलं, दोघांना सुवर्ण मिळेल का? मिळेल, असं कळताच ताम्बेरीने त्याला मिठीच मारली.

पाठवताना शक्यतो मूळ लिंक पाठवा. नासा, इस्रो, ऑलिम्पिक यांचे स्वतःचे चॅनेल आहेत. दहा हातांतून आलेल्या फाइलमध्ये चित्र फुटतं, आवाज दुसराच चिकटवलेला असतो आणि तारीख-ठिकाण हरवलेलं असतं. शंका आली तर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका. दोन मिनिटांचं काम आहे. आता एआयने बनवलेले व्हिडिओही धडाधड येतायत, त्यामुळे कुणी, कुठे, कधी काढला हे ज्यात सापडत नाही तो आम्ही पुढे पाठवत नाही.

आणि सगळं बाहेरूनच कशाला मागवायचं? हिवाळ्यात उजनी धरणाच्या आसपास संध्याकाळी भोरड्यांचे थवे उतरतात. हजारो पक्षी एकाच वेळी वळतात, धुरासारखे पसरतात, पुन्हा आवळतात. त्यांच्याच जातभाईंचा, स्टारलिंग पक्ष्यांचा रोममध्ये अभ्यास झाला. प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात जणांकडे लक्ष ठेवतो, असं त्यात दिसलं. तिकडे गेलात तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचा, मोबाइल आडवा धरा, आणि पाठवताना खाली गाव आणि तारीख लिहा.