विकाऊ एल कॅमिनो, जामखेडचा पिकअप आणि उरलेला पुरावा

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सोर्स कुठे मिळतील?" प्रश्न बरोबरच आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. जे सोर्स आज शिल्लक आहेत, ते शिल्लक का राहिले? कुणी जपले, कशासाठी जपले, आणि जपताना त्यांचं काय केलं? हे नीट समजावं म्हणून आज मी जरा आडवळणाचं उदाहरण घेतोय. अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्या नव्यासारख्या करून विकतात, तिथून सुरुवात करू. मग जामखेडला येऊ. माझा विषय ग्रामीण मालवाहतुकीचा इतिहास असल्यामुळे मला हे दोन टोकं जोडल्याशिवाय चैन पडत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आधी गाडी कुठली ते बघू. पुढून मोटारकार, मागे मात्र डिकीऐवजी उघडा हौदा आणि फाळका. ट्रकच्या चासीवर बांधलेला पिकअप वेगळा आणि हा वेगळा. हा मुळात कारच असतो. फोर्डने १९५७ च्या मॉडेलवर्षासाठी 'रँचेरो' आणली, ती त्यांच्या स्टेशन वॅगनवरून बेतलेली होती. शेव्हर्लेने १९५९ मध्ये 'एल कॅमिनो' काढली, दोन वर्षांत बंद केली आणि १९६४ ला शेव्हेल या कारवरून पुन्हा सुरू केली. रँचेरो १९७९ पर्यंत टिकली, एल कॅमिनो १९८७ पर्यंत. कल्पना मात्र अमेरिकेचीच असं म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात लुईस बँट या डिझायनरने १९३४ मध्येच अशी गाडी उभी केली होती, तिला तिकडे 'यूट' म्हणतात. तिच्या जन्माची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: एका शेतकऱ्याच्या बायकोने कंपनीला लिहिलं की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता येतील अशी एकच गाडी द्या. गोष्ट फार छान आहे, आणि म्हणूनच संशोधकाने ती जपून वापरावी. इतक्या नेटक्या जन्मकथा बहुधा नंतर घासूनपुसून तयार होतात.

आता या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती बघा. बॅरेट-जॅक्सन, मेकम अशा लिलाव कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये त्या नियमित दिसतात. भाषा ठरलेली असते: 'पूर्ण रिस्टोअर केलेली', 'गंज नाही', 'मॅचिंग नंबर्स'. या शेवटच्या शब्दावर थांबा, कारण तो थेट आपल्या कामाचा आहे. मॅचिंग नंबर्स म्हणजे इंजिनावर ठोकलेले आकडे त्या चासीच्या नंबराशी आणि उत्पादनाच्या तारखेशी जुळतात, म्हणजे इंजिन मूळचंच आहे. जुळले तर किंमत चढते. आणि किंमत चढते म्हटल्यावर खोटे नंबर ठोकणारेही आले. ताम्रपटांचा इतिहास वाचला असेल तर हे ओळखीचं वाटेल. जमिनीचा हक्क ज्या कागदावर ठरतो, तोच कागद बनावट निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

१९७० च्या एल कॅमिनोचं उदाहरण घ्या. 'एसएस' नावाचा जास्त ताकदीचा प्रकार तेव्हा मिळायचा आणि आज त्याची किंमत साध्या गाडीपेक्षा बरीच जास्त आहे. अडचण अशी की एसएस हा पर्यायी संच होता, चासी नंबरावरून तो ओळखू येत नाही. साध्या गाडीवर बिल्ले आणि पट्टे चढवले की ती एसएस 'दिसते'. मग पुरावा काय? कारखान्यात जोडणी करणाऱ्या कामगारांसाठी एक कागद निघायचा, बिल्ड शीट. कोणता भाग लावायचा याची ती नुसती यादी. काम झालं की तो कागद गाडीतच कुठेतरी राहून जायचा, सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर. पन्नास वर्षांनी तोच कागद सगळ्यात विश्वासू साक्षीदार ठरतो, कारण तो कुणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेलाच नव्हता. आपल्याकडे मेथडॉलॉजीच्या पेपरमध्ये 'हेतुपुरस्सर' आणि 'अनाहूत' साधनांचा फरक पाठ करायला लावतात. तो या एका कागदात मावतो.

पण माझा मुद्दा बनावटपणाचा नाही, अस्सल रिस्टोरेशनचा आहे. रिस्टोअर करणारा माणूस काय करतो? हौद्यातले ओरखडे भरतो, पोचे काढतो, नंतर कुणी बसवलेला हूक कापून टाकतो आणि गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसावर नेऊन ठेवतो. म्हणजे त्या गाडीने वीस-तीस वर्षं जे काही वाहिलं, गवत, विटा, सिमेंट, त्याची प्रत्येक खूण जाते. उरतो तो तिच्या आयुष्यातला एकच दिवस, पहिला. मालकाच्या दृष्टीने हे प्रेम आहे, त्यात शंका नाही. वापराचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र गंजलेली, पोचे पडलेली, तीनदा रंगवलेली गाडी जास्त सांगते.

आता जामखेड. इथे रँचेरो कधी आली असेल असं मला वाटत नाही आणि ती शोधण्यात अर्थही नाही. शोधायचं ते हे की त्या गाडीचं काम, म्हणजे माणसं आणि माल दोन्ही नेणं, इथे कशाने केलं.

भूगोल आधी लक्षात घ्या. जामखेड तालुका इंग्रजी मुलखातला, पण नगरहून जामखेडला येताना वाटेत आष्टी लागते, आणि आष्टी होती निजामाची. हद्दी एकमेकींत घुसलेल्या, निजामाच्या हद्दीत जकातीचं वेगळं खातं, करोडगिरी. १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली हे तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलंच असेल. पण त्या दिवशी आष्टी अजून हैदराबाद संस्थानात होती. पोलीस ॲक्शन सप्टेंबरमधली. म्हणजे नगर-पुणे रस्त्याचा इतिहास मुंबईच्या कागदांवर बऱ्यापैकी लिहिता येईल, नगर-जामखेडचा नाही. त्यासाठी हैदराबादचं दप्तरही उघडावं लागेल. जिल्हा एक असला तरी दप्तरखाना एक नसतो, हे आराखडा लिहिताना विसरू नका.

अमेरिकन गाड्या आपल्याकडे नव्हत्या असं मात्र अजिबात नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना चालवला, फोर्डचीही मुंबईत जोडणी होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो बनवायला घेतल्या. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही बेडफर्डबरोबर शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर होत्या. पुढे १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांना इथे प्रत्यक्ष उत्पादन करायचं नव्हतं त्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. नवी अमेरिकन गाडी मिळणं अवघड झालं आणि असलेली गाडी मरेपर्यंत वापरायची रीत पक्की झाली.

इथूनच आपला पिकअप सुरू होतो. तो कारखान्याच्या नव्हे, गॅरेजच्या दारात जन्मला. जीप मागून कापायची, पत्रा ठोकून हौदा करायचा, खाली पाट्यांची एखादी जादा पान घालायची. कारखान्यातून आलेलं उत्तर मात्र तीन चाकांचं होतं. १९५८ पासून बजाज टेम्पोने जर्मनीच्या विडाल कंपनीच्या सहकार्याने 'हॅन्सीट' बनवली. या कंपनीमागचे नवलमल फिरोदिया नगरच्या फिरोदिया घराण्यातले. कंपनीचं नाव 'टेम्पो' पुढे मराठीत मालवाहू गाडीचं सामान्यनामच झालं, आणि पुढे आलेल्या तोंडामुळे त्या गाडीला लोकांनी 'डुक्कर' म्हटलं. ऑस्ट्रेलियात डुकरं हौद्यात, आपल्याकडे गाडीच डुक्कर! १९८८ मध्ये पुण्याच्या टेल्कोने 'टाटा मोबाइल' पिकअप आणला आणि १९९१ ला त्याच्याच पायावर 'सिएरा' ही कार उभी केली. अमेरिकेत कारवरून पिकअप झाला, इथे पिकअपवरून कार.

आता खरी गोची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. व्याख्या बारकाईने वाचा. वाहन दुचाकी किंवा चारचाकी हवं, खासगी वापराचं हवं, व्यावसायिक नको. आणि ते मूळ रूपात हवं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. या चाळणीतून काय पडतं ते पाहा. टेम्पो हॅन्सीट पडते, तीन चाकं आहेत म्हणून. भाड्याने माल वाहिलेली प्रत्येक गाडी पडते. कापून हौदा लावलेली जीप दोनदा पडते. संस्थानिकाची ब्यूक मात्र अलगद वर राहते. दुसऱ्या बाजूला, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपली, त्या भंगारात निघाल्या. नियम करणाऱ्यांच्या मनात इतिहास पुसायचा होता असं मी म्हणत नाही, प्रदूषण आणि सुरक्षितता ही कारणं खरी आहेत. पण परिणाम असा की पन्नास वर्षांनी संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेल, महाराष्ट्रातले लोक मोटारीत बसून फक्त लग्नाला जात होते.

वर्ग ठरवणारा कायदा वस्तूलाही वाकवतो, याचं एक मजेदार उदाहरण देतो. अमेरिकेने १९६४ मध्ये आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला, त्याला 'चिकन टॅक्स' म्हणतात, कारण भांडण युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या करावरून सुरू झालं होतं. सुबारूने १९७८ मध्ये 'ब्रॅट' हा छोटा पिकअप विकायला आणला तेव्हा हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बसवून टाकल्या. झाली प्रवासी गाडी! तेव्हा सरकारी तक्त्यात 'प्रवासी' किंवा 'मालवाहू' असा रकाना दिसला, की तो वस्तूचा गुणधर्म समजू नका. तो कराचा रकाना आहे. आपल्याकडे तर हे उलटही चालतं: कागदावर 'माल', हौद्यात बाजारची माणसं.

मग करायचं काय? गाडी नसेल तर तिचा कागद आहे. आरसी बुक हे आपलं बिल्ड शीट समजा. त्यात बॉडीचा प्रकार, रिकाम्या गाडीचं वजन, आसनसंख्या आणि मालकी किती हातांतून फिरली ते असतं. सगळ्यात बोलकी नोंद बोजाची. कर्ज बँकेचं की पतसंस्थेचं, कधी चढलं आणि कधी उतरलं, यावरून एका तालुक्यात गाड्या कुणाच्या पैशावर आल्या हे मांडता येतं. ज्या गावांतून माणसं ऊसतोडीला जातात, तिथे गाडी घेणारा कोण आणि त्याच हौद्यातून कारखान्यावर जाणारा कोण, हा प्रश्न मला एल कॅमिनोच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

गॅरेजवाल्यांच्या मुलाखती घ्याल तेव्हा "जुन्या काळी कसं होतं?" असलं विचारू नका. "चासी कुठून कापायचा? वेल्डिंगला करंट कुठून घ्यायचा?" असं विचारा, माणूस तासभर बोलतो. अंगणात जुनी गाडी उभी असेल तर परवानगी घेऊन चासी नंबरावर कागद धरा आणि पेन्सिल घासा. आरटीओत हेच करतात, आणि शिलालेखाचा ठसा घेणारेही वेगळं काही करत नाहीत. इंजिनाचा नंबर वेगळ्या कागदावर घ्या. दोन्ही आरसीशी ताडून पाहा. जुळले नाहीत तर चोरीचा संशय घेण्याआधी इंजिन कधी आणि कोणत्या गाडीचं बसवलं ते विचारा. मालकाचं नाव आणि नंबरप्लेट प्रबंधात घालू नका. आणि आरसी बुकाचे फोटो काढताना पहिल्या पानावर थांबू नका, बोजाची नोंद मागच्या पानावर असते.